शिडाच्या नौकेवरचा संसार



2010 च्या मे महिन्यात कमांडर दिलीप दोंदे शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीला प्रदक्षिणा घालून मुंबईला परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. 2013 मध्ये अभिलाष टॉमी वाटेत एकाही बंदराला न लागता तीच फेरी पुरी करून आले. 2018 मध्ये वर्तिका जोशी आणि नौदलातल्या त्यांच्या पाच सहकारी ‘तारिणी’ या नौकेतून जगाची फेरी करून गोव्याला पोहोचल्या. 2025 च्या मेमध्ये त्याच ‘तारिणी’वरून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जग फिरून आल्या.

या सगळ्यांच्या बातम्या आपण वाचल्या. त्यांत वादळं होती, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न होतं, स्वागताचे हार होते. पण वादळ दोन-चार दिवसांत सरतं. बाकीचे दिवस ही माणसं त्या नौकेवर नुसती राहत होती. रांधत होती, जेवत होती, भांडी घासत होती, ओले कपडे वाळवायचा प्रयत्न करत होती. महासागर पार होतो तो या रोजच्या कामांच्या बळावर, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज त्या कामांविषयीच बोलतो.

आधी घर केवढं ते सांगतो. दोंदे आणि टॉमी यांची ‘म्हादेई’ आणि ही ‘तारिणी’ या दोन्ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या. लांबी सुमारे 56 फूट. भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या नौकेतून जगप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर ते समुद्रापासून लांब, फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. तिथूनही त्यांनी हा विषय सोडला नाही. 56 फूट ऐकायला बरंच वाटतं, पण त्यात शिडं, दोर, सुटे भाग, महिन्या-दीड महिन्याचं अन्न आणि यंत्रं भरली की माणसांसाठी उरते ती एका लहानशा खोलीएवढी जागा. आणि ती खोली कायम तिरकी.

हा तिरकेपणा किनाऱ्यावरून ध्यानात येत नाही. वारा एका बाजूनं लागला की नौका कलते आणि कधी कधी आठवडाभर तशीच कललेली राहते. चालताना एक हात सतत कशाला तरी धरलेला हवा. झोपायच्या बंकवरून खाली पडू नये म्हणून बाजूला जाड कापड ताणून बांधतात. शेगडी दोन टोकांना अशी टांगलेली असते की नौका कितीही कलली तरी ती सपाट राहते. स्वयंपाक करणारा मात्र टांगलेला नसतो! तो कमरेला पट्टा अडकवून ओट्याला टेकून उभा राहतो. ताट कामाचं नाही, खोल वाडगा लागतो. आपला प्रेशर कुकर लांबच्या प्रवासात जगभरचे नावाडी आवर्जून बाळगतात, कारण त्याचं झाकण घट्ट बसतं, उकळतं अन्न अंगावर सांडत नाही आणि गॅसही वाचतो.

ताजी भाजी पहिल्या काही दिवसांपुरती. पालेभाज्या आधी संपवायच्या, मग टोमॅटो. कांदे, बटाटे, कोबी आणि लाल भोपळा टिकतात, पण हवेशीर जाळीत टांगून आणि रोज तपासून. एक बटाटा सडला की शेजारचे खराब व्हायला वेळ लागत नाही. त्यानंतर डबे, डाळ-तांदूळ आणि पाणी घालून तयार होणारं कोरडं अन्न.

गोड पाण्याचा हिशोब तर फार कडक. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असतं, पण ते बिघडू शकतं, आणि त्याला वीजही लागते. म्हणून भांडी खाऱ्या पाण्यानं घासायची, अंघोळही खाऱ्या पाण्याची, शेवटी अंगावरचं मीठ काढायला गोडं पाणी मोजून. पाऊस आला तर ती मेजवानीच. शिडाच्या तळाशी बादल्या लागतात, आणि डोक्याला साबण लावून माणसं वर धावतात. खाऱ्या पाण्यात धुतलेले कपडे पूर्ण कोरडे होतच नाहीत, कारण धाग्यात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतं. दक्षिणेच्या थंड समुद्रात यात श्वासाची वाफ मिसळते, आतल्या छतावरून थेंब गळतात, आणि ओल्या मोज्यांत पाय घालून मध्यरात्री पहाऱ्याला जावं लागतं. न्यूझीलंडच्या लिटलटनहून फॉकलंडच्या पोर्ट स्टॅनलीपर्यंत ‘तारिणी’ला महिन्याहून अधिक काळ लागला. तेवढे दिवस हे असं.

झोप तुकड्यांची. सहाजणी असल्या तर पाळ्या लागतात. एकटा माणूस मात्र वीस-वीस मिनिटांचा गजर लावून झोपतो. त्याला कारण आहे. क्षितिजावर दिसू लागलेलं वेगवान मालवाहू जहाज साधारण तेवढ्याच वेळात आपल्यावर येऊन आदळू शकतं. दोघींच्या नौकेची गत आणखी वेगळी. एक पहाऱ्यावर तर दुसरी झोपेत. एकाच घरात राहून दोघींची निवांत भेट पाळी बदलताना व्हायची. दिलना आणि रूपा यांनी 25,000 हून अधिक सागरी मैल असे काढले. मला या गोष्टीचा केप हॉर्नपेक्षाही अधिक आदर वाटतो. आपली सोबतीण दमलेली आहे हे ओळखून तिला आणखी दहा मिनिटं झोपू देणं, तेही आपले डोळे मिटत असताना, आठ महिने!

आणि मग ते काम, ज्यावर सारं अवलंबून असतं. रोज सकाळी उजाडलं की नौकेला एक चक्कर. रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासे गोळा करायचे हे त्यातलं गंमतीचं. बाकी सगळं डोळ्यांत तेल घालून पाहायचं. दोर एकाच जागी हजारो वेळा घासला की तुटतो, म्हणून तो रोज वीतभर सरकवायचा. शिडाची शिवण उसवायला लागली तर आजच टाका घालायचा, कारण उद्याच्या वाऱ्यात ते वरपासून खालपर्यंत फाटेल. डेकवर एखादा सुटा नट पडलेला दिसला तर तो कुठून निखळला हे सापडेपर्यंत चैन नाही. वर जाताना, समुद्र कितीही शांत असला तरी, कमरेचा दोर नौकेला अडकवायचा. ‘तारिणी’च्या पहिल्या फेरीत सुकाणूत बिघाड झाला आणि त्या सहाजणींना ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. बिघाड वेळीच कळतो आणि माणसं शांतपणे बंदर गाठतात, ही त्या सकाळच्या चकरांची कमाई.

वेळही इथं हातानं सांभाळायची गोष्ट असते. पूर्वेकडे जाताना दर पंधरा रेखांशांना घड्याळ एक तास पुढं घ्यायचं, आणि पॅसिफिकमध्ये वाररेषा ओलांडली की तीच तारीख पुन्हा जगायची. नोंदवहीत दर काही तासांनी स्थान, वारा आणि हवेचा दाब लिहायचा, मग डोळे कितीही जड झालेले असोत. दाब घसरू लागला की वादळाच्या आधीच शीड लहान करायचं. वारा वाढल्यावर त्या कामाला दुप्पट हात लागतात, आणि एकट्याकडे हात दोनच.

ही सगळी कामं आपल्या मुलामुलींना जमण्यासारखी आहेत. ती शिकायला लागते शिस्त आणि पाण्याशी ओळख, आणि एवढा लांब किनारा असूनही ही ओळख आपण पोरांना करून देत नाही, याचं मला वाईट वाटतं. मुंबईत सी कॅडेट कोअर आहे, एनसीसीचा नौदल विभाग आहे, शीडनौकानयन शिकवणारे क्लब आहेत. आधी पोहायला शिकवा, आणि मग आपल्या मुलाला, आपल्या मुलीला, यांपैकी एका ठिकाणी नक्की घेऊन जा. शिडाच्या होडीत बसायला नौदलात असावं लागत नाही.