गडावर सेवा, घरात बायकी काम

(नारायणगड परिसरातल्या बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी पुरणपोळीबद्दल बोलणार आहे. हसू नका! कायद्याबद्दल, पंचायतीबद्दल आपण नेहमीच बोलतो. पण रविवारी बीडहून, संभाजीनगरहून मुलं घरी येतात, मालक सांगतात, "रात्रीला काहीतरी चांगलं कर," तेव्हा आपल्या घरात काय होतं, तेही एकदा मोजू या.

डाळ निवडायची, शिजवायची, कट काढायचा. गूळ घालून पुरण आटवायचं, वाटायचं. कणीक तिंबायची. कटाची आमटी, गुळवणी, भात, भजी, कुरडया. मग तव्यापुढे बसून वीस-पंचवीस पोळ्या. पहिली देवाला, मग पुरुषांना, मुलांना, पाहुण्यांना. तव्यावरची टम्म फुगलेली पोळी थेट ताटात जाते, वर तुपाची धार. करणारी जेवायला बसते तेव्हा उरतात फाटलेल्या पोळ्या, गार झालेला भात आणि आमटीचा तळ.

एका बैठकीत मी विचारलं होतं, "तव्यावरची गरम पोळी तुम्ही शेवटची कधी खाल्लीत?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "माहेरी. आई होती तोवर."

मी पुरणपोळीच्या विरोधात नाही. येसर आमटी, धपाटे, शेंगोळे ही आपल्या आयाआज्यांची विद्या आहे. पातळ पोळी न फाटता तव्यावर टाकणं हे कसब आहे, त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण ज्या हातांत कसब, त्याच हातांना शेवटचा घास, हे कुठल्या न्यायाने?

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत. पण सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवणं हे आपल्या घरातलं, आपल्या डोळ्यांसमोरचं कारण आहे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात असं दिसलं; पुरुष ८८ मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे!

आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी जोडपी दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. फडात दोघं बरोबरीने राबतात. पण पहाटे अंधारात उठून भाकरी थापते ती बाईच. संध्याकाळी मोळ्या वाहून आल्यावर चूल पेटवते तीही बाईच. कोयता दोघांचा, चूल मात्र एकटीची.

यावर लगेच उत्तर येतं, "पुरुषांना स्वयंपाक कुठे जमतो?" मग आपल्या गडाकडे बघा. नारायणगडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो. गावोगावच्या सप्ताहात काय होतं? भाकरी-पोळ्या घराघरांतून आपण पाठवतो. पण आमटीच्या कढईपुढे कोण असतं? बुंदीचा झारा कोणाच्या हातात असतो? बादल्या घेऊन पंगतीत "वाढू का, माउली?" म्हणत कोण धावतं? आपलेच नवरे, दीर, भाऊ, मुलं. हजार माणसांच्या आमटीत मीठ किती, हे त्यांना बरोबर कळतं. आणि घरी पाच जणांची आमटी जमत नाही?

जमतं, बायांनो. तिथे त्याला सेवा म्हणतात, पुण्य म्हणतात. उंबऱ्याच्या आत आलं की तेच काम बायकी होतं. देवाच्या दारी ज्याची लाज वाटत नाही, त्याची घरी का वाटावी?

म्हणून भांडण न करता सुरुवात करू या. रविवारच्या जेवणाला पंगतीचा नियम लावा. पुरण वाटणं, कणीक मळणं, वाढणं, भांडी घासणं ही कामं आधीच वाटून घ्या. मुलाला पोळी लाटायला शिकवा. भारताचा नकाशा झाला तरी हसू नका, आपलीही पहिली तशीच झाली होती. पोळ्या आधी करून डब्यात ठेवा आणि सगळे एकदम बसा. थोड्या गार खाल्ल्या तर कोणाचं काही बिघडत नाही. गरमच हव्या असतील, तर तव्यापुढे आळीपाळीने बसू द्या.

सासूबाईंनो, तुमच्याकडे जास्त मागणं आहे. "आम्ही नाही का केलं?" हे वाक्य आता पुरे करा. तुम्ही सोसलंत म्हणून सुनेनेही सोसावं, असं थोडंच आहे? तुम्ही मुलाला हाक मारलीत, तर तो उठेल. सुनेने मारली तर वाद होईल.

येत्या रविवारी करून बघा. पुढच्या बैठकीत मी बचतीच्या हिशेबाआधी एकच प्रश्न विचारणार आहे: गरम पोळी किती जणींनी खाल्ली?