स्वागताध्यक्षीय भाषण : सुकी मासळी आणि खेळते भांडवल



 चकोतऱ्यासाठी ख्यातनाम असलेल्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेल्या बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत लघु मत्स्यप्रक्रिया उद्योगांच्या या परिषदेनिमित्त मासळीची चर्चा व्हावी, याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ताज्या मासळीला बंदरापासून गिऱ्हाइकापर्यंत अखंड थंडावा, म्हणजेच शीतसाखळी, लागते आणि तिचा खर्च लहान उद्योगाला सहसा झेपत नाही. सुक्या मासळीला बर्फ लागत नाही, वजनही हलके, त्यामुळे बेंगळुरूसारखी किनाऱ्यापासून दूरची बाजारपेठ तिच्या आवाक्यात येते.

या बाजारपेठेत भाव ठरतो तो वाळवणीवर. सातपाटी, अर्नाळा, वर्सोवा येथे बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांच्या जोड्या वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या उभारलेल्या मांडणीवर, टांगतात, त्यामुळे वारा चहूबाजूंनी खेळतो आणि माल स्वच्छ राहतो. याउलट जवळा उघड्या जमिनीवर पसरला की त्यात वाळू मिसळते आणि गिऱ्हाईक पहिल्याच घासाला दुरावते. उंचावर बांधलेली जाळी किंवा सौर वाळवणी यंत्र, आणि त्यानंतर हवाबंद लहान पाकिटे, हा क्रम उलटा करून आधी आकर्षक वेष्टन छापण्याची हौस महागात पडते.

खरी अडचण मात्र पैशाची आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नेमकी तेव्हाच सुक्या मासळीची मागणी वाढते. माल मात्र हंगामात लिलावात रोखीने घ्यावा लागतो. ज्याला तो पावसाळ्यापर्यंत राखणे परवडत नाही, तो व्यापाऱ्याला ढिगाने विकून मोकळा होतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदानाची तरतूद होती. बचत गटातील अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्यांसाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवले होते. पहिल्या तरतुदीचा गाजावाजा अधिक झाला, तरी मासळी सुकवणाऱ्या कोळी भगिनींची खेळत्या भांडवलाची नड भागवू शकणारी तरतूद दुसरीच होती. साठवलेल्या सुक्या मालाच्या तारणावर हंगामी कर्ज कोणत्या अटींवर मिळावे, या प्रश्नासाठी कार्यक्रमपत्रिकेतील पहिले सत्र राखून ठेवले आहे.