दैनंदिन जीवनातील राजकारण व मनाचे स्वास्थ्य
(विंचूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



राजकारण मुंबई-दिल्लीस चालते, आपल्या चुलीशी त्याचा संबंध काय, असे विंचूरच्या माणसास म्हणता यावयाचे नाही. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आपल्याच गावी आहे. १९९८ साली कांदा महागला आणि दिल्ली विधानसभेची निवडणूक त्या महागाईने गाजली. सत्ताधारी पक्ष पराभूत झाला. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली ती लाल कांद्याच्या ऐन हंगामात. उन्हाळ कांदा चाळीत साठवून काही महिने वाट पाहता येते. लाल कांद्यास तेवढा टिकाव नाही. मिळेल त्या भावाने तो विकणे प्राप्त होते. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी. ज्या घरी त्याच पैशांवर मुलीचे लग्न अथवा मुलाचे शिक्षण अवलंबून असते, त्या घरची झोप अशा वेळी का उडते, हे वैद्यास विचारावयास नको.

म्हणून राजकारणापासून दूर राहा, असा उपदेश आम्ही करीत नाही. भाव, वीज, पाणी यांचे निर्णय तेथेच होतात. मत देणे, जाब विचारणे, निवडणुकीस उभे राहणे हे प्रत्येकाचे कर्तव्यच आहे.

तथापि हेच राजकारण उंबरठा ओलांडून आत आले म्हणजे निराळाच अनर्थ होतो. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही. तरीही दशक्रियेस कोण आले, हळदीस कोणास बोलावणे गेले, किराणा कोणत्या दुकानातून आणला, यावरून माणसाचा गट ठरविला जातो. एका बांधावरचे चुलतभाऊ परस्परांशी बोलेनासे होतात. निवडणूक एका दिवसात आटोपते; अबोला मात्र वर्षानुवर्षे टिकतो. भाव कोसळलेल्या वर्षी उसने बियाणे देणारा, रुग्णाच्या उशाशी रात्र काढणारा तोच भाऊ असतो, हे आपण विसरतो. असा आधार तुटलेल्या माणसास सुबत्तेतही स्वास्थ्य कोठून लाभणार?

आपल्या संस्थेसही हा धोका आहे. ज्ञातीच्या नावाने गठ्ठा मते मागणारे आपल्या दाराशी येतात आणि येत राहतील. त्यांचे आदरातिथ्य अवश्य करावे. परंतु ज्ञाती ही मतांची मोळी नव्हे, हे नम्रपणे सांगावे. आपल्यातील दोन उमेदवार परस्परांविरुद्ध उभे राहिले, तरी मेळाव्यात त्यांची पंगत एकच असावी. विद्यार्थ्यास साहाय्य देताना त्याच्या वडिलांचा गट विचारू नये. दुःखाच्या घरी तर गट पाहूच नये. मग ते घर आपल्या ज्ञातीचे असो वा इतर कोणाचे.

मत आपापले असावे, माणूस मात्र सर्वांचा राहावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.