दलालीला कुंपण

एखादे शिक्षक सेवानिवृत्त झाले आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम त्यांच्या हाती पडली, की घरी येणाऱ्यांची वर्दळ वाढते. त्यांतला एखादा आपुलकीने प्रकृतीची चौकशी करतो, चहा घेतो आणि निघताना एका नव्या योजनेचा अर्ज पुढे ठेवतो. हा गृहस्थ आपले हित पाहतो आहे की आपला माल खपवतो आहे, हा प्रश्न त्या शिक्षकांना पडो वा न पडो. कायद्याला तो पडलेला आहे.

दलाली घेणे हे पाप नव्हे. श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. अडचण निराळी आहे. खप झाला तरच पैसा, एरवी काही नाही, असा व्यवहार असला म्हणजे 'ही योजना तुमच्या उपयोगाची नाही' हे वाक्य तोंडून निघणे कठीण होते. कारण खरे बोलण्याचा दंड बोलणाऱ्यालाच भरावा लागतो.

म्हणून कायद्याने तीन कुंपणे घातली. पहिले प्रमाणाचे. कंपनीचे भाग खपवून देण्याबद्दलचे कमिशन १९५६ च्या कायद्याने भागांच्या किमतीच्या ५ टक्क्यांवर आणि कर्जरोख्यांच्या बाबतीत अडीच टक्क्यांवर रोखले. २०१३ च्या कायद्याखालील नियमांनीही विक्रीची हमी घेणाऱ्यांच्या कमिशनाला हीच मर्यादा ठेवली आणि त्याचा दर माहितीपत्रकात छापणे आवश्यक केले. दुसरे कुंपण काळाचे. म्युच्युअल फंडात पैसे घालतानाच कापले जाणारे प्रवेशशुल्क 'सेबी'ने १ ऑगस्ट २००९ पासून बंद केले. २०१८ मध्ये विक्री होताच वितरकाला एकरकमी कमिशन देण्यासही मनाई करून, गुंतवणूक टिकेल तसतसे ते देण्याची रीत घालून दिली. तिसरे कुंपण भूमिकेचे. सल्लागाराने ज्या योजनेविषयी सल्ला दिला, तिच्याबद्दल अशिलाखेरीज इतर कोणाकडूनही मोबदला घेऊ नये, असे २०१३ च्या सल्लागारविषयक नियमांनी ठरवले.

परंतु कुंपण घातले म्हणून राखणदाराने झोपावे असे नाही. अर्जावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे, 'यातून आपल्याला किती मिळते, आणि कोणाकडून?' या प्रश्नात अपमान नाही. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचे कारण प्रामाणिक माणसाला नसते. तो आकडा सांगेल. आणि जो सांगणार नाही, त्याला चहा द्यावा, सही मात्र देऊ नये.