घोड्याचे पाय

जपानच्या काबुकी नाटकांत कधी कधी रंगभूमीवर घोडा अवतरतो. त्याच्या सोंगाखाली दोन नट असतात. एक पुढचे पाय, दुसरा मागचे. पाठीवरच्या वीराचा सारा भार ते तोलतात, पण प्रेक्षकांना त्यांचे मुखदर्शन घडत नाही. यावरूनच सामान्य नटाला जपानी भाषेत 'घोड्याचा पाय' म्हणतात.

काबुकीतली थोर नावे वंशपरंपरेने वा दत्तकविधानाने पुढे चालतात. नटकुळाबाहेरचा मनुष्य कुणा श्रेष्ठ नटाचा शिष्य होतो, गुरूची सेवा करतो आणि लढाईच्या प्रवेशांत कोलांट्या घेऊन पडतो. एदोकाळी तळाच्या नटांना 'इनारीमाची' म्हणत. नाट्यगृहातील इनारी देवतेच्या देवळीजवळ त्यांची खोली असे.

त्या पायरीवरून वर चढलेला विरळा नट म्हणजे पहिला नाकामुरा नाकाझो (१७३६–१७९०). १७६६ साली 'चूशिंगुरा' नाटकात त्याच्या वाट्याला सादाकुरो या वाटमाऱ्याची क्षुल्लक भूमिका आली. रूढ रांगडा दरोडेखोर टाकून त्याने काळ्या वस्त्रांतला, पावसात निथळणारा, निराश्रित सामुराई उभा केला. आजही सादाकुरो तसाच रंगवला जातो.

१९७० साली टोकियोच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने घराण्याबाहेरच्या तरुणांना नटाचे शिक्षण देण्यास आरंभ केला. आज काबुकी नटांपैकी सुमारे एक तृतीयांश त्या शाळेतून आलेले आहेत. बहुतेकांना नायकाची भूमिका कधीच लाभत नाही. पण श्रोतेहो, ते नसतील तर वीराने लढावे कुणाशी, आणि आरूढ व्हावे कशावर?