पथकाचे बारा महिने



गणेशोत्सवाची चाहूल लागली की मंडळाचा कार्यकर्ता ढोल-ताशा पथकाच्या प्रमुखाला फोन करतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, ‘ढोल किती आणणार?’ सुपारीचा आकडा याच उत्तरावर ठरतो. सराव कुठे करता, वाद्ये कुठे ठेवता, मागच्या वर्षीची उधारी फिटली का, हे कोणी विचारत नाही. ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधली पथके पैशाच्या अडचणीत येतात त्याचे मूळ मला या एका प्रश्नात दिसते. सुपारी ढोल मोजून ठरते, खर्च मात्र महिने मोजून होतो.

आपल्याकडे ही पथके आली पुण्याकडून. मुळशी-मावळच्या गावकऱ्यांचे ढोल पुण्याच्या मिरवणुकीत वाजत असत. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने विद्यार्थ्यांच्या हाती ढोल दिला, त्याला शिस्त लावली, मुलींनाही पथकात आणले. पुढे डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाने 1999 मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली, आणि तो पायंडा ठाणे, गिरगाव करत महाराष्ट्रभर पसरला. डोंबिवलीच्या फडके रोडवर पाडव्याच्या सकाळी ढोल हवाच, असे लोकांना वाटू लागले. आयटीतली मुले, बँकेतल्या मुली, महाविद्यालयात शिकणारी पोरे ढोल कमरेला बांधून उभी राहिली. यातले बहुतेक वादक एक रुपया घेत नाहीत. पथकाचा हाच मोठेपणा आहे आणि त्याच्या अर्थकारणातली सगळ्यात मोठी गोची इथेच आहे. वादक फुकट वाजवतो म्हणून पथकही फुकटात चालते, असा समज होऊन बसला आहे.

पथकाचे वर्ष कसे जाते ते पाहा. शिवजयंती, पाडवा, मग मोठी पोकळी. आषाढ-श्रावणात सराव. त्यानंतर आगमन सोहळे, गणपतीचे दहा दिवस, विसर्जन, नवरात्रात देवीचे आगमन. पैसा येतो तो जवळजवळ सगळा या शेवटच्या तुकड्यात. पाडव्याला तर पथके सेवा म्हणून वाजवतात. गोदामाचे भाडे मात्र चैत्रातही द्यावे लागते आणि मार्गशीर्षातही. ढोलाची पाने फुटतात, दोऱ्या सैल पडतात, कड्या गंजतात, टिपऱ्या मोडतात, ताशाच्या काड्या तर मोजू नयेत. खाडीकाठच्या दमट हवेत चामड्याचे पान टिकवणे कठीण, म्हणून फायबरचे पान आले. तेही प्रत्येक हंगामात बदलावे लागतेच. उदाहरणापुरते धरू की एका पथकाकडे साठ ढोल आहेत आणि एक ढोल आठ वर्षे चालतो. म्हणजे दर वर्षी सात-आठ नवे ढोल घ्यायचे पैसे बाजूला पडायला हवेत. कारखानदार याला घसारा म्हणतो आणि हिशेबात धरतो. पथकांच्या वहीत घसाऱ्याचे पान क्वचितच असते. ढोल फुटतो त्या दिवशी वर्गणी निघते, आणि वर्गणी तीच वीस माणसे देतात.

आपल्या या पट्ट्याची एक वेगळी अडचण आहे. इथला वादक मुंबईला नोकरी करतो. डोंबिवली सीएसएमटीपासून अठ्ठेचाळीस किलोमीटरवर. संध्याकाळची लोकल पकडून, घरी डबा ठेवून तो मैदानावर पोहोचेपर्यंत आठ वाजून जातात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री दहानंतर वाजवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. उरले दोन तास. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. ढोलांचा ताफा ती पहिल्याच ठेक्याला ओलांडतो. आजूबाजूला इमारती वाढल्या, त्यामुळे तक्रारी वाढल्या, आणि तक्रार करणाऱ्या आजारी माणसाचे चुकते असे मी म्हणणार नाही. मग पथक शहराबाहेर, खाडीकडेला किंवा पुलाखाली जागा शोधते. तिथवर ढोल नेण्याचा टेम्पो, दिवे, पावसात ताडपत्री हा सगळा खर्च सुपारी मिळण्यापूर्वीचा आहे.

अशा स्थितीत पथकप्रमुख काय करतो? ढोल वाढवतो, कारण मंडळ ढोल मोजते. ढोल वाढले की गोदाम मोठे लागते, टेम्पो वाढतात, पोशाख वाढतात, शिकवणारे कमी पडतात. शेजारच्या गल्लीत नवे पथक फुटून निघते. त्याचे ढोल कोणा हौशी माणसाने स्वतःच्या खिशातून घेतलेले असतात, म्हणून ते निम्म्या पैशात सुपारी घेते. दोन-तीन हंगामांत ते दमते आणि बंद पडते, पण तोवर भाव पाडून गेलेले असते. यात मंडळाचा तात्पुरता फायदा होतो, वादनाचा कायमचा तोटा.

संख्येचा हा मोह न्यायालयापर्यंत गेला. 2024 च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना प्रत्येकी तीस जणांची मर्यादा घातली. 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. स्थगितीने मला आनंद झाला. आदेशाने मर्यादा यावी असे मला वाटत नाही. पण फडके रोड किंवा ठाण्याच्या राम मारुती रोडसारख्या रस्त्यावर चांगले ताणलेले, एका हाताने वाजणारे तीस ढोल पुरून उरतात, हे आपण स्वतःहून मान्य करायला हवे. शंभर ढोलांत चुकलेला हात झाकला जातो. तिसांत तो ऐकू येतो, म्हणून सराव करावा लागतो. ताशाची तर्रीही तेव्हाच कानावर पडते.

कोरोनाची 2020 आणि 2021 ही दोन वर्षे आठवा. सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा होती, मिरवणुका बंद होत्या, स्वागतयात्रा झाल्या नाहीत. 2022 च्या पाडव्याला निर्बंध उठले तेव्हा पुन्हा ढोल बाहेर निघाले. मधल्या काळात सुपारी शून्य आणि भाडे चालू. ज्याच्याकडे सहा महिन्यांच्या भाड्याइतकी गंगाजळी असेल, त्या पथकाला अशा काळात निदान विचार करायला वेळ मिळतो. ज्याच्याकडे ती नसेल, त्याला ढोल विकण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या बेंजो पार्ट्यांकडे पाहण्यासारखे आहे. आगरी-कोळी घरात हळदीला बेंजो लागतो. लग्नसराई, साखरपुडा, देवीचा उत्सव असे त्यांचे वर्ष भरलेले असते आणि वाजवणाऱ्याला त्याच्या रात्रीचे पैसे मिळतात. पथकांनी धंदेवाईक व्हावे असे माझे म्हणणे नाही. पण पार्टीचा मालक सुपारी ठरवताना वाद्याची झीज, गाडी, जेवण हे सगळे तोंडावर सांगतो. आपल्या सुशिक्षित पथकप्रमुखाला तेच सांगायला संकोच वाटतो.

पैशाची ही अडचण फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत ड्रम कोअर नावाचा प्रकार आहे. पितळी वाद्ये आणि ढोल घेऊन तरुण मुले-मुली उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतात, शाळांच्या व्यायामशाळांत झोपतात आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. ती स्पर्धा 1972 पासून चालू आहे. तिथे प्रत्येक वादक हंगामासाठी हजारो डॉलर स्वतः भरतो. कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा व्हॅनगार्ड या पथकाला बिंगोच्या खेळातून वर्षानुवर्षे उत्पन्न मिळत आले. 2018 चे विजेतेपद त्यांचेच. तरी पैशाचे गणित बसेना म्हणून 2023 चा हंगाम त्यांनी सोडला आणि पुढच्या वर्षी परतले. 1934 पासूनचे कॅडेट्स हे पथक मात्र 2024 मध्ये कायमचे बंद झाले. एका माजी सदस्याने अत्याचाराबद्दल केलेल्या दाव्याचा भार त्याला पेलला नाही. म्हणून सांगतो, रात्री उशिरा घरी परतणाऱ्या मुलींची सोय, वादकांचा विमा, कानातले बोळे, तक्रार ऐकणारी समिती, हे खर्च ऐच्छिक समजू नका. आणि सगळा भार वादकावर टाकला तर ज्याच्या घरी पैसा आहे त्याचीच मुले वाजवतील. वागळे इस्टेटीतल्या कामगाराचा मुलगा पथकाबाहेर राहणे मला मान्य नाही.

मग करायचे काय? मंडळांनी एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा शब्द द्यावा. आषाढातच काही रक्कम आगाऊ द्यावी, कारण खर्च तेव्हाच असतो, आणि उरलेली विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. दिवाळीनंतरची उधारी बंद व्हायला हवी. पथकांनी नोंदणी करावी. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली दर वर्षी हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो, आणि तोच हिशेब पथकाने आपल्या वादकांपुढेही वाचावा. सुपारीतला ठरावीक वाटा घसाऱ्यासाठी वेगळ्या खात्यात जावा, प्रमुखालाही तो सहज काढता येऊ नये.

नोंदणीचा आणखी एक उपयोग आहे. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि पारंपरिक कलांचा विकास त्या यादीत आहे. आपल्याभोवती डोंबिवली आणि ठाण्याच्या औद्योगिक वसाहती आहेत. तिथल्या व्यवस्थापकाकडे जाताना हातात लेखापरीक्षण झालेले हिशेब नसतील, तर चहा मिळेल, देणगी मिळणार नाही. 2025 मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्या दर्जाचा पैसा रोषणाईवर जाण्याआधी सरावाच्या जागेवर जावा, अशी मागणी पथकांनी एकत्र येऊन करायला हवी. एकेकट्या पथकाचे निवेदन फाइलमध्ये पडून राहते.

जागेबद्दल शेवटचे सांगतो, कारण पैशापेक्षाही ती दुर्मीळ आहे. तीन पथकांनी मिळून एक कोरडे गोदाम घेतले तर तिघांचेही भाडे उतरते. ढोल वेगळे ठेवा, कुलूप एक ठेवा. स्वागतयात्रा भरवणाऱ्या संस्थांना पथके पाडव्याला सेवा देतात, ती सेवाच राहावी. त्या संस्थांनी पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी पथकांना एखादी पत्र्याची शेड, शाळेचे बंद असलेले सभागृह किंवा वस्तीपासून दूरचे आवार मिळवून द्यावे. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणमध्ये अशा जागा कोणाच्या ताब्यात आहेत, हे इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांना माहीत आहे. व्याख्यान संपल्यावर मला भेटा. पथकप्रमुखांना घेऊन मी त्या जागा पाहायला येतो.