घाटावरची निवड समिती



भाषणाचा विषय काय लिहायचा, असं चिटणीसांनी विचारलं तेव्हा आम्ही नुसतं ‘राम घाट’ एवढंच सांगितलं होतं. प्रवचन असावं असं समजून त्यांनी आम्हाला आरतीनंतरची वेळ दिली. तेव्हा आधीच क्षमा मागतो. आज क्षिप्रामाईचं माहात्म्य नाही. घाटाच्या पायऱ्यांवर बसून दुसऱ्यांच्या पोरांचं भवितव्य ठरवणाऱ्या माणसांची ही हकिकत आहे, आणि ती माणसं म्हणजे आम्हीच.

आम्ही पाच-सहा जण आहोत. एक निवृत्त मास्तर, एक बँकेतले, एकाचं पूजासाहित्याचं दुकान, आणि बाकीचे आम्ही मध्य प्रदेश शासनाचे नोकर. संध्याकाळची आरती आटोपली की राणोजी शिंद्यांच्या छत्रीच्या अलीकडे पायऱ्यांवर बैठक बसते. राजकारणावर बोलायचं नाही असा दंडक आहे, कारण आमच्यातल्या निम्म्यांना सेवानियम आहेत आणि उरलेल्यांना रक्तदाब. मग राहतं क्रिकेट.

२०१६ साल आठवा. २२ एप्रिल ते २१ मे सिंहस्थ होता. आमची ड्यूटी घाटावरच. महिनाभर शिट्ट्या, दोरखंड, हरवलेली म्हातारी माणसं आणि ५ मेचं ते वादळ. शेवटचं शाही स्नान झालं, गर्दी ओसरली आणि पहिल्यांदाच आम्ही त्या पायऱ्यांवर ड्यूटी म्हणून नव्हे तर बसायला म्हणून बसलो. पाय सुजलेले, डोकं रिकामं. अशा वेळी वादाला विषय लागतोच, आणि तो फोनवरून चालत आला.

त्याच वर्षी ४ आणि ५ जानेवारीला कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने भंडारी करंडकाच्या शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या होत्या. वय १५. वडील रिक्षा चालवणारे. १२९ चौकार, ५९ षटकार. शाळेने ३ बाद १४६५वर डाव सोडला. त्याआधीचा विक्रम कॉलिन्स नावाच्या इंग्लिश शाळकरी मुलाचा, नाबाद ६२८, तोही १८९९ सालचा. मुंबई क्रिकेट असोसिएशनने प्रणवला पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन जाहीर केलं. जानेवारीत आम्ही हे ऐकून पोहे-जिलबी वाटली होती. कल्याणशी आमचा काय संबंध? काही नाही. पण आडनाव मराठी आणि बाप रिक्षावाला, एवढं पुरलं.

मेअखेरीस पश्चिम विभागाचा १६ वर्षांखालील संघ जाहीर झाला. त्यात अर्जुन तेंडुलकर होता, प्रणव नव्हता. दोघांचे फोटो शेजारीशेजारी लावून देशभर फिरू लागले. घाटावरही आले.

झालं! बँकवाले म्हणाले, वशिला. दुकानदार म्हणाले, वशिला. आम्ही तर त्याच महिन्यात एका बढतीच्या यादीतून वगळले गेलो होतो, त्यामुळे आमचा आवाज सगळ्यांत मोठा. मास्तर एकटेच उलट बाजूला. त्यांचं म्हणणं, समोरचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत गुंडाळला गेला होता, तेव्हा हजार धावा कुणापुढे झाल्या तेही बघा. दुकानदार त्यांच्या अंगावर धावून गेले, “मास्तर, तुम्ही काढून दाखवा ना हजार! टेनिस बॉलनं काढा!” मग मास्तरांनी १९८८चा दाखला दिला. शारदाश्रमचे सचिन आणि विनोद कांबळी, ६६४ धावांची अभेद्य भागीदारी. त्यात विनोदच्या ३४९, सचिनच्या ३२६. “जास्त धावा कुणाच्या आणि पुढे गेलं कोण? शेवटी भूक लागते. या कल्याणच्या पोरात भूक आहे की नाही, हे अजून कुणी पाहिलंय?”

‘भूक’ हा शब्द त्या दिवशी आमच्या बैठकीत आला आणि मुक्कामालाच राहिला. चार दिवस आम्ही त्या मुलाची भूक मोजत होतो. आमच्यापैकी एकानेही त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी वर्तमानपत्रात खुलासा आला. विभागीय संघ निवडला जातो तो राज्यांच्या १६ वर्षांखालील संघांतून खेळलेल्या मुलांमधून. मुंबईचा तो संघ प्रणवच्या हजार धावांच्या आधीच ठरलेला होता. म्हणजे त्याचं नाव विचारात यायचा प्रश्नच नव्हता. हे सांगितलं खुद्द त्याच्या वडिलांनी, आणि दोन्ही मुलं एकमेकांचे मित्र आहेत हेही.

आम्ही सरकारी माणसं. पात्रता, कट-ऑफ तारीख, प्रस्तावासोबत जोडायची कागदपत्रं, यावर आमचं पोट चालतं. कुणी अर्जदार तारीख उलटल्यावर आला तर आम्ही त्याला काय उत्तर देतो ते या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक आहे, काहींनी ते ऐकलेलंही आहे! आणि एका मुलाच्या निवडीचा नियम काय, हे विचारायचं आम्हालाच सुचलं नाही. कारण आम्हाला नियम नकोच होता. आम्हाला आमच्या बढतीचं दुःख ठेवायला एक खांदा हवा होता, तो एका शाळकरी पोराचा सापडला. दुसरा पोरगाही सोळाचाच होता, हे तर कुणाच्या ध्यानातच आलं नाही. डिसेंबर २०२२मध्ये त्याने गोव्याकडून रणजी पदार्पणात शतक ठोकलं, तेव्हा घाटावर त्याचं कौतुक झालं खरं, पण २०१६ची आठवण कुणी काढली नाही.

आता खरं बोचणारं सांगतो. २०१७मध्ये प्रणवच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहून ते विद्यावेतन थांबवायला सांगितलं. मुलाचा खेळ सध्या त्या तोडीचा होत नाही, तेव्हा पैसे घेणं बरोबर नाही, अशा अर्थाचं. दरमहा १०,००० रुपये, रिक्षावाल्याच्या घरात! आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मंजूर झालेला भत्ता कुणी आपणहून परत केलेला आम्ही पाहिलेला नाही. अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा, हेही आम्हाला सांगता येणार नाही. बातमी वाचून बँकवाले पुटपुटले, “म्हणजे मास्तर म्हणत होते तेच. भूक नव्हती.” मास्तर एकदम तडकले. “मी म्हणालो होतो, पण मला काय ठाऊक होतं? हजार धावा केल्यावर पुढच्या डावात चाळीस केल्या तरी लोक ‘बस, एवढ्याच?’ म्हणणार. त्या पोरानं खेळायचं तरी कसं?” त्या संध्याकाळी बैठक लवकर मोडली.

इथेच संपलं असतं तर आम्ही हे भाषण केलंच नसतं. कल्याण लांब आहे. पण गेल्या वर्षी आम्ही तोच खेळ आपल्या गावात मांडला.

उज्जैन म्हणजे मल्लखांबाचं गाव, हे इथे सांगायला नको. बाळंभटदादा देवधरांची ही विद्या पेशवाईतून इकडे आली आणि इथल्या व्यायामशाळांनी ती जपली. मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली याच शहरात भरली. २०१३मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्य-खेळ केलं. २०२०मध्ये आपले योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने खेळाडू कोट्याच्या नोकऱ्यांच्या यादीत मल्लखांबाचं नाव घातलं. २०२३मध्ये ‘खेलो इंडिया’च्या मल्लखांब स्पर्धा इथेच झाल्या. एकेकाळी ‘खांबावर चढून पोट भरतं का’ असं आईबाप विचारायचे. आता भरू शकतं, आणि म्हणूनच चढणाऱ्या पोराभोवती सल्लागारांची गर्दी वाढलीय.

असाच एक मुलगा, तेव्हा बारावीत. सराव उरकला की घाटावर यायचा, हातपाय धुवायचा आणि आमच्या खालच्या पायरीवर पाच मिनिटं बसायचा. आधी आम्ही त्याला फुटाणे द्यायचो. मग सल्ले द्यायला लागलो. बँकवाले म्हणाले, ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई संस्थेत शारीरिक शिक्षणाची पदवी घे. दुकानदार म्हणाले, पुण्या-मुंबईला जा, तिथे किंमत आहे. आम्ही म्हणालो, इथेच विक्रम विद्यापीठात नाव घाल, विद्यापीठाकडून खेळ आणि कोट्यातून नोकरी धर, पेन्शनचं नंतर बघू. तो नुसता हसायचा. एकदा स्पर्धेत त्याचा एक उतार चुकला आणि पदक गेलं, तेव्हा तो बसलेला असतानाच आमच्यातल्या एकाने दुसऱ्याला विचारलं, “याच्यात ती भूक आहे का हो?” तो एक कोण, ते सांगत नाही. आज भाषण कोण करतंय, यावरून ओळखा.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आठवड्याने मास्तरांना दिसला, पलीकडे. छोट्या रपट्यावरून नदी ओलांडून तो दत्त आखाड्याच्या घाटावर बसायला लागला होता. ओला टॉवेल खांद्यावर, तोंड आमच्याकडे पाठ करून. मध्ये एवढीशी क्षिप्रा. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. कुणी मारली नाही.

पुढे त्याने काय निवडलं, कुठे प्रवेश घेतला, खांब सोडला की धरला, हे आम्हाला कळलंय. पण इथे सांगणार नाही. तो त्याचा विषय आहे.

उद्या संध्याकाळी साडेसहाला मंडपासमोर आपल्या मुलामुलींचं मल्लखांबाचं प्रात्यक्षिक आहे. खांब दुपारीच रोवला जाईल. एरंडेल तेलाचे हात घेऊन पोरं खाली उतरतील तेव्हा त्यांच्याशी बोलायला अवश्य जा, मोदक द्या, कुठला उतार आवडला तो नाव घेऊन सांगा. ‘पुढे काय करणार’ हे मात्र त्यांना विचारू नका. फारच राहवलं नाही तर परवा घाटावर या आणि आम्हाला विचारा. आम्ही सहाही जण तिथेच असतो.